शालूबाईच्या पोतीचा फासा

मी एक जुना चुंबकाचा फासा आहे. वयानं म्हणाल तर मी तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा लहानच असेन. पण ज्याचं काम संपलं तो जुना, असा तुम्हा माणसांचा हिशेब असतो, म्हणून मीही स्वतःला जुना म्हणवून घेतो. सध्या माझा मुक्काम वरवट बकालच्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या फ्रीजच्या दारावर आहे. माझ्याखाली दुधाचं बिल लटकत असतं. ते बदलतं, मी बदलत नाही.

मित्रांनो, फासा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. गळ्यातल्या माळेची दोन टोकं मानेमागे जिथं जोडली जातात, तिथं बसणारी चिमुकली वस्तू म्हणजे फासा. लोक पुढच्या वाट्या पाहतात, मणी पाहतात, नाक मुरडतात किंवा वाहवा करतात. फासा केसांखाली आणि पदराखाली. तो बिघडला तरच त्याची आठवण होते. साधा फासा म्हणजे एक आकडा आणि एक कडी. तो लावायचा तर दोन्ही हात मानेमागे न्यावे लागतात, नखात आकडा धरावा लागतो आणि न बघता कडीचा नेम साधावा लागतो. तुमची आई ते बोलता बोलता करते, म्हणून ते सोपं आहे असं समजू नका.

मी त्या जातीचा नाही. मी दोन टोप्यांचा आहे आणि दोन्ही टोप्यांच्या पोटात लोहचुंबक आहे. टोप्या जवळ आणल्या की आपण होऊन टच करून चिकटतात. मुठीनं ओढल्या तरी सुटतात. ज्यांची बोटं वाकत नाहीत, ज्यांना चिमटीत काही धरता येत नाही, त्यांना आपला दागिना आपल्या हातानं घालता यावा एवढ्यासाठीच मला घडवलं. माझ्या जन्माचं गाव मला ठाऊक नाही. एका यंत्रानं मला कापलं, दुसऱ्यानं घासलं, तिसऱ्यानं वरून सोनेरी मुलामा चढवला आणि माझ्यासारख्याच भावंडांबरोबर मला एका पाकिटात कोंबलं. ते पाकीट फिरत फिरत देऊळगाव राजाला, बालाजीच्या देवळाजवळच्या एका बांगड्यांच्या दुकानात येऊन टांगलं गेलं. तिथं मी बरेच दिवस धूळ खाल्ली.

तिथून मला संजीवनीनं घेतलं. संजीवनी देऊळगाव राजात ब्लाउज शिवण्याचं काम करते. एका गिऱ्हाईक बाईच्या खोट्या माळेला तिनं माझं भावंड पाहिलं. तिनं ते तीन-चारदा उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि शिवण तशीच टाकून दुकानात आली.

"माह्या मायच्या पोतीले लावाचं हाय. मजबूत पाहून द्या," ती दुकानदाराला म्हणाली. वरवटची पोर किती वर्षं बाहेर राहिली तरी आईचा विषय निघाला की तिच्या तोंडी वऱ्हाडीच येते.

ही माय म्हणजे शालूबाई. त्यांचे पती पंजाबराव, मुलगा राजकुमार आणि सून राखी, असं वरवटचं घर. घरची शेती कापसाची आणि तुरीची. शालूबाईंनी उभा जन्म कापूस वेचला. बोंडांची टोकं लागून लागून बोटं आधी खरबरीत झाली, मग सांधे सुजले आणि शेवटी बोटं वाकडी होऊन तशीच राहिली. चिमूट वळेना. वरणात मीठ घालायचं तर त्या मूठभर काढून तळहातावरून थोडं थोडं झाडत. त्यातच मानेच्या मणक्याचं दुखणं निघालं. हातांना मुंग्या येऊ लागल्या. खामगावच्या डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला आणि बजावलं, की हा रोज झोपताना लावायचा, एकही रात्र चुकवायची नाही, नाहीतर आहेत तेवढे हातही जातील. पट्टा जाड आणि घट्ट. त्याच्याखाली पोत राहिली तर मणी कातडीत रुतत. म्हणून रात्री पोत काढायची आणि सकाळी घालायची, असं ठरलं. पोत म्हणजे काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. आमच्याकडे त्याला पोतच म्हणतात.

पण सकाळीच सगळी मेख होती. सवाष्णीनं मोकळ्या गळ्यानं पाण्याचा थेंबही तोंडात घेऊ नये, नवऱ्याच्या जिवाला अपाय होतो, असं शालूबाईंच्या सासूनं त्यांना नवी नवरी असताना शिकवलं होतं. सासू गेली, शिकवण राहिली. त्यामुळे पोत गळ्यात पडेपर्यंत चहा नाही, पाणी नाही आणि औषधाची गोळीही नाही. तेव्हा पोतीला साधा आकडा होता. तो त्यांच्या हातांना लागणं शक्यच नव्हतं. तो लावायची राखी.

मी त्या वेळी पोतीत नव्हतो. हे सारं मला पुढं काळ्या मण्यांनी सांगितलं. मणी फार बोलके असतात. शालूबाई पहाटेच उठायच्या, हातात पोत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसायच्या आणि वाट पाहायच्या.

"थांबा न आत्याबाई, हात पिठाचे हायेत माहे," राखी म्हणायची.

राखी वाईट नव्हती, मित्रांनो. सकाळी तिच्यामागे पोळ्या असत, डबे असत, दोन म्हशी असत. पण हेही खरं, की आदल्या दिवशी सासूशी कुरबूर झालेली असली, की पिठाचे हात जरा जास्तच वेळ पिठाचे राहत. शालूबाईंना ते कळायचं आणि आपल्याला कळलं आहे हे राखीलाही कळायचं. दोघीही त्यावर एक शब्द बोलत नसत.

आणि पंजाबराव? ज्यांच्या जिवासाठी हा सारा उपास चालायचा, ते ओट्यावर बसून बशीत चहा ओतून फुर्र फुर्र आवाज करत पीत असत. एकदा घसा फारच सुकला, तेव्हा शालूबाई त्यांनाच म्हणाल्या, "अहो, तेवढी पोत लावून द्या न. जीभ टायूले चिकटून राह्यली माही."

"मी?" पंजाबराव दचकलेच. "पोरासुनेसमोर? कोनी पाहिलं तं काय म्हनतीन लोक?"

याच गृहस्थांनी भर मांडवात, बँड वाजत असताना, सगळ्या गावासमोर ती पोत शालूबाईंच्या गळ्यात बांधली होती. तेव्हा लोक डोळे मिटून बसले होते की काय? एकदा सगळ्यांसमोर बांधायला लाज वाटली नाही आणि नंतर जन्मभर घरातल्या घरात आकडा लावायची लाज वाटली. मला माणसांचं पुष्कळ काही कळतं, हे मात्र अजून कळलेलं नाही.

संजीवनी माहेरी आली ती मला पदराच्या गाठीत बांधूनच. बाजारात बसणाऱ्या पटवेकऱ्याकडून तिनं पोत नव्यानं ओवून घेतली आणि आकड्याच्या जागी मला बसवलं. सोन्याच्या मण्यांनी मला पाहून नाकं मुरडली. एक मणी तर उघडच म्हणाला, की आता मुलामेवालेही आमच्या पंक्तीला बसू लागले. सोन्यात चिकटण्याचा गुण नाही, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

माझी पहिली सकाळ मी विसरणार नाही. संजीवनीनं आदल्या दिवशी युक्ती शिकवून ठेवली होती. हात मानेमागे न्यायचेच नाहीत. पोत उलटी घालायची, वाट्या पाठीवर आणि मी छातीवर. टोकं समोर आली की दोन्ही मुठी जवळ आणायच्या आणि मग पोत सावकाश फिरवून घ्यायची. शालूबाई दाराशी बसल्या. पहिल्यांदा मी नेम चुकलो नाही, त्यांच्या मुठीच लांब राहिल्या. दुसऱ्यांदा त्या जवळ आल्या आणि मी टच करून चिकटलो.

शालूबाईंनी पोत फिरवली, पदर सारखा केला, उठल्या आणि स्वतःच पातेल्यातला चहा पेल्यात ओतून घेतला. थोडा सांडला. दोन्ही तळव्यांत पेला धरून त्यांनी तो उभ्या उभ्याच संपवला. राखी पिठाच्या हातांनी बघत राहिली.

"मंग आता माही काही गरज नाही म्हना," ती अर्धवट हसत म्हणाली.

"तुही गरज हाय वं बाई. चहापुरती नाही, एवढंच," शालूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघींमधली कुरबूर निम्म्यावर आली. राखीचंही एक ओझं उतरलं होतं. सकाळी कुणीतरी दाराशी वाट पाहत बसलं आहे, हे पाठीवर घेऊन पोळ्या लाटणं सोपं नसतं.

माझे ते दिवस सुखाचे होते. मी मानेमागे राहायचो, त्यामुळे शालूबाई पुढं जे पाहत त्याच्या उलट मी पाहायचो. त्या पुढं गेल्यावर मागं कोण हसलं, कोणी डोळा मारला, कोणी हात जोडले, ते मला दिसायचं. थोडी फजितीही व्हायची. एकदा मी स्टीलच्या कपाटाला चिकटलो आणि शालूबाईंना वाटलं, मागून कुणी पदर ओढला. पंजाबराव मला मोटारीतलं भंगार म्हणायचे. "जपून जा वं, एसटी ओढून आनशील घरी," असं चारचौघांत चिडवायचे. शालूबाई हसायच्या. आपल्या हातानं चहा प्यालेल्या माणसाला हसणं परवडतं.

शेजारच्या विमलबाई मला पाहायला खास आल्या. लकव्याच्या झटक्यानंतर त्यांचा एक हात लुळाच राहिला होता. त्यांनी मला एका हातानं उघडून पाहिलं, लावून पाहिलं आणि लहान मुलीसारखा हट्ट धरला, की माझ्या मोत्यांच्या माळेला असाच पाहिजे. पण चहाची गोष्ट ऐकून त्या हसल्या. विमलबाईंचं घर बौद्ध, त्यांच्याकडे असलं काही पाळत नाहीत.

"मी सारा जलम मोकळ्या गळ्यानं चहा पेली, शालू. आमचे हे अजून बैलावानी धडधाकट हायेत. उलट जरा कमी धडधाकट असते तं बरं होतं, घोरनं तरी कमी झालं असतं."

"असू दे वं. मले भेव वाटते," शालूबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच भीती वाटायची. त्यांनी आपली समजूत सोडली नाही. मी आल्यामुळे ती सोडायची गरजही उरली नव्हती. समजूतही राहिली आणि चहाही मिळाला. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, मित्रांनो. हे नीट लक्षात ठेवा.

मग लग्नसराई आली. संग्रामपूरला नात्यातलं लग्न होतं. शालूबाई नवी साडी नेसून गेल्या. तिथं पंजाबरावांची थोरली बहीण भेटली. अन्नपूर्णाबाई तिचं नाव, घरात सगळे आक्का म्हणतात. घरात तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द जात नाही. पंजाबरावांचा तर नाहीच नाही. अन्नपूर्णाबाईंना साडेसाती चालू होती, म्हणून त्यांनी मधल्या बोटात काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घातली होती. चांगली जाड, अस्सल लोखंडाची. ती बोटात असली की शनीची पीडा टळते, असं म्हणतात.

पंगत बसायच्या आधी अन्नपूर्णाबाईंनी शालूबाईंना पाहिलं आणि "कशी हाय वं शालू!" म्हणत गळ्यात गळा घातला. त्यांचा हात थेट मानेमागे, माझ्यावर आला. आता लोखंड दिसलं की चुंबक काय करणार? माझी एक टोपी त्या अंगठीला घट्ट चिकटली. अन्नपूर्णाबाईंनी हात मागे घेतला, तशी ती टोपी अंगठीबरोबर ओढली गेली, क्षणभर लोंबली आणि सुटली. पोत घसरून शालूबाईंच्या पायांशी पडली.

"अगं बाई! पोत वाढली!" कुणीतरी ओरडलं.

पोत तुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, मित्रांनो. वाढली म्हणतात. शब्द गोड, पण तो ऐकला की बायकांचे चेहरे पांढरे पडतात. मांडवात धावाधाव झाली. कुणी हळकुंड आणलं, कुणी दोरा आणला. शालूबाईंच्या गळ्यात हळद बांधली तेव्हा कुठं बायकांच्या जिवात जीव आला. मी मात्र धडधाकट होतो. एक मणीही निसटला नव्हता. टोकं उचलून जवळ आणली असती, तर मी पुन्हा टच करून चिकटलो असतो. शालूबाई तेच म्हणत होत्या, पण त्यांचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

"असली कशी वं पोत तुही? हात लावला का सुटते!" अन्नपूर्णाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माह्या भावाच्या जिवावर उठली का तू?"

त्यांच्या बोटातली अंगठी तेव्हाही माझ्यासमोरच होती. मी ती बघत होतो. अपशकुन टाळायला घातलेल्या लोखंडानं हा अपशकुन घडवला होता, आणि हे त्या मांडवात एकट्या मला ठाऊक होतं. मला बोलता येत असतं तर मी तिथंच बोंब ठोकली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पंजाबराव मान खाली घालून उभे होते. बहिणीसमोर त्यांनी बायकोची बाजू घेतल्याचं मणीही कधी सांगू शकले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी राजकुमार आईला घेऊन संग्रामपूरच्या एका सोनाराकडे गेला. अन्नपूर्णाबाई बरोबर होत्याच. राजकुमार वाईट मुलगा नाही. त्याला भांडण नको असतं, एवढाच त्याचा दोष. घरात शांतता राहावी म्हणून तो काहीही कबूल करतो, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्या वाट्याचं असतं.

"पक्की करून द्या. पुन्हा सुटली नाही पाहिजे," तो म्हणाला.

सोनारानं मला उघडून पाहिलं, पुन्हा चिकटवलं, शालूबाईंची बोटं पाहिली. तो म्हणाला, "चुंबक राहू द्या की. बाजूनं एक बारीक, डोक्यावरून निघेल एवढी लांब साखळी लावून देतो. चुंबक सुटला तरी पोत गळ्यातच राहील, खाली पडनार नाही. मावशी, रात्री काढता का तुम्ही पोत?"

शालूबाईंनी तोंड उघडलं. मी मानेमागे होतो, पण त्यांचा गळा हलला तो मला कळला. त्या सांगणार होत्या. पट्ट्याचं, डॉक्टरांचं, सकाळच्या चहाचं.

"सवाष्णीची पोत कायले काढाची?" अन्नपूर्णाबाई मध्येच म्हणाल्या. "चितेवर जाईस्तोवर निघत नसते ते. आवळून टाका कडी."

सोनारानं राजकुमारकडे पाहिलं. राजकुमारनं मान डोलावली. शालूबाईंकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. सोनारानं मला कापून काढलं आणि पोतीच्या दोन्ही टोकांना एक जाड कडी घालून ती गळ्यातल्या गळ्यात पकडीनं आवळून टाकली. ती काढायची तर तोडूनच काढावी लागली असती.

मला काउंटरवर ठेवलं होतं. तेव्हा मी शालूबाईंचा चेहरा पहिल्यांदा समोरून नीट पाहिला. इतके दिवस त्यांच्या अंगावर राहून मला तो असा ठाऊक नव्हता. मला वाटायचं त्याहून तो लहान होता. त्या रडत नव्हत्या. त्यांनी आपली वाकडी बोटं पदराखाली घेतली होती.

घरी आल्यावर राखीनं मला फ्रीजला चिकटवून टाकलं. टाकून द्यायला तिचं मन झालं नाही. इथून मी पुढचं सगळं पाहिलं, कारण शालूबाईंची खाट समोरच्या भिंतीलगत आहे.

आता गळा कधीच मोकळा नव्हता, त्यामुळे सकाळी वाट पाहायचं कारण उरलं नव्हतं. शालूबाई उठल्याबरोबर चहा घेऊ शकत होत्या. पंजाबराव तर ओट्यावरून म्हणालेही, "पाय, आता कसं झालं! आधीच केलं असतं तं?" पहिल्या रात्री शालूबाईंनी पोतीवरच पट्टा लावला. सकाळी मानेवर मण्यांचे लाल वळ होते. आठवड्याभरात एका जागी कातडी सोलवटली. राखीनं खोबरेल लावलं, पोतीखाली कापडाची पट्टी घालून पाहिली, ती रात्रीतून सरकली.

"आत्याबाई, ते कडी तोडून आनू का? मी बोलतो आक्कांसोबत," ती एकदा म्हणाली.

"नको वं. पुन्हा तमाशा नको," शालूबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस पट्टा राहू दे. लय टोचते."

तो आजचा दिवस मग रोजचाच झाला. पट्टा खिळ्याला टांगला गेला. अधूनमधून राखी आठवण करायची, शालूबाई उद्या लावीन म्हणायच्या. पोत सोडायची नाही, मग पट्टा सुटणार हे उघड होतं. दोन्हींतून एकच राहू शकत होतं आणि घरानं पोत निवडली. निवडली असं तरी कसं म्हणू? कुणी बसून विचार केला नाही. एकानं मान डोलावली, एकीनं कडी आवळायला लावली, एकजण ओट्यावर बसून राहिला आणि पट्टा खिळ्याला गेला.

आधी मुंग्या वाढल्या. मग हातातून पोळीचा घास पडू लागला. मग एका सकाळी दोन्ही तळव्यांत धरलेला पेला सुटला आणि गरम चहा मांडीवर सांडला. पेला घरंगळत माझ्याखाली फ्रीजशी येऊन थांबला. चटका बसला तरी शालूबाई ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. ते हात कुणा दुसऱ्याचे असावेत, तसं.

पुन्हा खामगावला नेलं. संध्याकाळी परत आल्यावर राजकुमार याच खोलीत राखीला सांगत होता. "डॉक्टर म्हने, पट्टा काऊन सोडला? नस दबून गेली. म्हने गेलं ते सारं वापस येईनच असं नाही."

"मंग तुमी काय सांगतलं?" राखीनं विचारलं.

राजकुमार डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालत राहिला. पंजाबराव पंख्याकडे बघत होते.

संजीवनीला फोनवर कळलं. ती एसटी बदलत बदलत दुसऱ्या दिवशी आली. तिच्या पिशवीत पकड होती. आल्या आल्या तिनं चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, सरळ आईच्या खाटेपाशी गेली.

"माय, मान वळव. तोडतो मी हे."

"राहू दे वं संजू."

"राहू दे काय? कोनाले भेतं तू? आत्याले? बाबाले? हात गेले तुहे, माय!"

"म्हनूनच म्हनतो, राहू दे," शालूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता आणि तो ऐकून मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. "तवा हात होते तं फासा पाहिजे होता. आता उघडी असो का बंद, मले काय. घालनारंही दुसरं आन् काढनारंही दुसरं."

संजीवनीच्या हातातली पकड तशीच राहिली. तिनं वळून फ्रीजकडे पाहिलं. मी तिला दिसलो. तिनं मला ओळखलं. ती खाली बसली आणि पदर तोंडावर धरून रडली. तिच्याबरोबर राखीही रडली. पंजाबराव उठून म्हशींकडे गेले. निघताना संजीवनीनं निदान पट्टा तरी नीट लावून दिला, खाली मऊ फडकं घालून. राखी आता तो रोज लावते. जे राहिलं आहे ते तरी राहावं म्हणून.

परवा अन्नपूर्णाबाई येऊन गेल्या. शालूबाईंच्या खाटेशी बसल्या, पोतीवरून हात फिरवला. अंगठी अजून बोटात आहे. साडेसाती संपली, पण म्हणाल्या, सवय झाली. "काही म्हन शालू, गळा कसा भरल्यावानी दिसते. सवाष्णीचं लेनं असं पक्कंच पाहिजे." शालूबाई हसल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

त्या गेल्यावर राखीनं चहा आणला. एक पेला पंजाबरावांपुढं ठेवला, एक खाटेशी. तिच्या हाताला पीठ होतं, चुलीवर तवा तापत होता. ती थबकली आणि म्हणाली, "मामाजी, आज तुमी पाजा न आत्याबाईले चहा. तुमचे हात मोकळेच हायेत."

पंजाबरावांनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीही नव्हतं. "मले नाही जमत ते," ते म्हणाले, आपला पेला उचलला आणि ओट्यावर जाऊन बसले. फुर्र फुर्र आवाज आला. राखी पोळी टाकायला आत गेली. शालूबाई समोरच्या चहाकडे बघत बसल्या. त्यावर हळूहळू साय धरली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूनं स्वतःसाठी काही मागायचं असतं, असा रिवाज आहे. मला पुसून ठेवा, जपून ठेवा, फेकू नका, वगैरे. मला त्यातलं काही नको. दुधाचं बिल धरायला मी पुरेसा आहे. मला जपून आता कुणाचे हात परत येणार नाहीत. पण तुमच्या घरात असं कुणी असेल, ज्याचं बटण लागत नाही, ज्याची चप्पल पायात जात नाही, ज्याला भात कालवता येत नाही, तर त्याच्यासाठी काय बरं, हे आपसांत ठरवू नका. त्याला विचारा, आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका. त्यानं आपल्या हातानं करायची काही युक्ती काढली असेल, तर ती दिसायला कितीही हलकी असो, मोडू नका.

आणि आता वाचणं थांबवा. आत जाऊन बघा, तुमच्याकडे कुणाचा चहा समोर ठेवून लोक निघून गेले आहेत का. असेल तर पेला उचला आणि त्यांच्या ओठांना लावा. कुणी पाहत असलं तरी लावा.